कोयता कधी माणूस झाला?

दसरा उरकला की बीड जिल्ह्यातल्या आष्टी, पाटोदा, वडवणी, धारूर या पट्ट्यात एकच विचारपूस सुरू होते : यंदा टोळीत किती कोयते? उत्तर येतं, दहा, बारा, पंधरा. नवख्याला वाटेल हत्यारं मोजताहेत. मोजली जातात ती माणसं. ऊसतोडीला निघालेली नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटाच गडी निघाला तर तो अर्धा कोयता. दोघांच्या हातात दोन वेगळे कोयते असले तरी हिशेबात ती जोडी एकच.

लोखंडाच्या हत्याराचं नाव माणसांना, तेही अर्ध्या-पुऱ्या मापात, कसं लागू झालं? रोजच्या बोलण्यातले शब्द अर्थ का बदलतात आणि कोणत्या वाटेनं बदलतात, हे समजून घ्यायला मराठवाड्यासारखा मुलूख शोधून सापडणार नाही. महानुभावांची आणि वारकरी संतांची जुनी मराठी इथली. निजामाच्या कारभारातली फारसी आणि पुढे उर्दू इथली. एका अंगाला तेलुगू, दुसऱ्या अंगाला कन्नड. १७ सप्टेंबर १९४८ ला राज्य बदललं आणि पाठोपाठ कचेरीची भाषाही बदलली. इतक्या उलथापालथीत शब्द जागच्या जागी राहणं शक्यच नव्हतं.

शेजारच्याचं नाव

आपल्याकडच्या साहित्यशास्त्रानं एक वाट फार पूर्वीच ओळखली होती. ‘गंगायां घोषः’, म्हणजे गंगेवर गवळ्यांची वस्ती, हे तिथलं ठरलेलं उदाहरण. वाहत्या पाण्यावर वस्ती कशी असेल? ऐकणारा न सांगता ‘गंगेच्या काठावर’ असा अर्थ लावून घेतो. प्रवाहाचं नाव त्याला लागून असलेल्या काठाला मिळतं. याला लक्षणा म्हणतात. ती पुन्हा पुन्हा वापरून अंगवळणी पडली की रूढ होते, आणि मग मूळ वस्तू आठवायची गरजच उरत नाही. (ओघात सांगायचं तर गोदाकाठचा मराठवाडी माणूस गोदावरीलाच गंगा म्हणतो. गंगाखेड नाव त्यातूनच आलं. तिथं एका नदीचं नाव दुसरीला मिळालं ते पावित्र्याच्या सारखेपणावरून.)

कोयत्याचं तसंच झालं. तोडणाऱ्याच्या हातातलं हत्यार हे तोडणाऱ्याचं नाव झालं. पण हिशेब जोडीचा होता, म्हणून शब्दानंही जोडीचंच माप घेतलं. इथं मला थांबावंसं वाटतं. या मापात बाई स्वतंत्र मोजली जात नाही. ती मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते, पहाटे उठून भाकरी करते आणि हिशेबाच्या वहीत ‘एक कोयता’ या दोन शब्दांत नवऱ्यासोबत मिटून जाते. पैशाचा व्यवहार बहुतेक वेळा पुरुषाच्या हातून होतो. शब्दाचा अर्थ कोणी बसून ठरवलेला नसतो, पण व्यवहार जसा असतो तसा तो घडतो. आणि एकदा घडला की त्या व्यवहाराला बळही देतो.

त्याच टोळीतले आणखी दोन शब्द पाहा. ‘उचल’ म्हणजे उचलण्याची क्रिया. इथं ती हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, जी फिटेपर्यंत तोडत राहायचं. आणि ही रक्कम देणारा ‘मुकादम’. हा मुळात अरबी शब्द, अर्थ ‘पुढे ठेवलेला’, म्हणजे सर्वांत अग्रभागी असणारा. जुन्या दख्खनी कागदपत्रांत मुकादम म्हणजे गावचा प्रमुख, आपण ज्याला पाटील म्हणतो तो. गाव सांभाळणारा मुकादम आज मजुरांची टोळी सांभाळतो. ‘पुढे असलेला’ हा गाभा टिकला, कुणाच्या पुढे ते बदललं.

दोन अर्थ एकत्र नांदतात तेव्हा

अर्थ एका रात्रीत बदलत नाही. जुना आणि नवा, दोन्ही अर्थ एकाच वाक्यात चालून जातील असा काळ मध्ये असतो. बोलणाऱ्याच्या मनात जुना अर्थ असतो, ऐकणारा नवा घेतो, आणि व्यवहार कुठे अडत नाही. ऐकणारी पिढी मोठी होते तेव्हा तिच्यासाठी नवा हाच अर्थ असतो.

‘शिक्षा’ या शब्दाचं असं झालं. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणं-शिकवणं. हिंदीत आजही तोच अर्थ आहे. मराठीत शिक्षा म्हणजे दंड. मधला काळ कसा असेल याची कल्पना करायला फार लांब जायला नको. ‘थांब, तुला चांगला धडा शिकवतो’ हे वाक्य आपण आजही बोलतो. त्यात धडा आहे, शिकवणंही आहे, पण ऐकणाऱ्याला चोप दिसतो. शिकवण्यात मार गृहीतच धरलेला असला की शिकवण्याचा शब्द माराकडे सरकतो. मग शिकण्यासाठी मराठीला ‘शिक्षण’ हा वेगळा शब्द धरावा लागला.

कधी शब्द तोच राहतो आणि वस्तू बदलते. गावात दोन-तीन पिढ्यांपूर्वी ‘गाडी जुंप’ म्हटलं की बैल समोर यायचे. आज ‘गाडी काढ’ म्हटलं की मोटारसायकल निघते, आणि बैलांच्या गाडीला मुद्दाम ‘बैलगाडी’ म्हणावं लागतं. नव्या वस्तूनं जुन्याचं नाव घेतलं की जुन्या वस्तूला शेपूट जोडून ओळख सांगावी लागते.

तेलाचीही अशीच कथा आहे. तेल हा शब्द ‘तैल’ वरून आला, म्हणजे तिळाचा रस. शब्दाच्या पोटातच तीळ होता. आता करडईचं तेल, शेंगदाण्याचं तेल, सरकीचं तेल असं सगळं आपण बिनदिक्कत म्हणतो, आणि तिळाच्या तेलाला ‘तिळाचं’ हे सांगून म्हणावं लागतं. अर्थ पसरला.

‘मृग’ उलट्या बाजूनं गेला. संस्कृतात मृग म्हणजे कुठलंही रानटी जनावर. म्हणून सिंह हा मृगेंद्र, जनावरांचा राजा. माकड हे शाखामृग, फांदीवरचं जनावर. शिकार ती मृगया. पुढे अर्थ आवळत आवळत एका हरणावर आला. ते हरीण नक्षत्रात दिसलं, सूर्य जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास त्या नक्षत्रात येतो, आणि त्या दिवसांत पाऊस सुरू होतो. आता आमच्याकडे ‘मिरग निघाला’ म्हटलं तर ना जनावर आठवतं, ना हरीण, ना आकाशातले तारे. आठवते ती पेरणी. एकाच शब्दानं जनावर ते हरीण, हरीण ते तारे, तारे ते पंधरवडा आणि पंधरवडा ते पाऊस एवढा पल्ला गाठला. या मृगाचा एक चुलतभाऊ इराणात आहे : फारसीतला ‘मुर्ग’. तिकडे तो पक्षी झाला, उर्दूत कोंबडा. फारसीत ‘शुतुर्मुर्ग’ म्हणजे उंटपक्षी. मराठी माणसाच्या कानाला हे नाव अनोळखी, म्हणून त्यानं ते ओळखीच्या शब्दांत बसवून ‘शहामृग’ केलं. त्यामुळे दुरावलेले दोन भाऊ मराठीत योगायोगानं पुन्हा एका नावाखाली आले.

रागद्वेष म्हणजे काय?

अर्थबदलाची दखल न घेतल्यानं खरं नुकसान कुठे होत असेल तर ते इथं. सप्ताहाच्या मांडवात, पारायणात ‘रागद्वेष सोडा’ हे वाक्य हमखास कानी पडतं. ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते ‘चिडू नका, कुणाचा द्वेष करू नका’ असं वाटतं. गीतेत ‘रागद्वेषवियुक्तैस्तु’ असं येतं तिथं राग म्हणजे संताप नाही. संस्कृत ‘राग’ हा ‘रंग’ शब्दाच्याच धातूतून आलेला : रंगणं, लाली, आणि त्यावरून मन एखाद्या गोष्टीत रंगून जाणं, ओढ, आसक्ती. ‘अनुराग’ या शब्दात हा अर्थ अजून शाबूत आहे. म्हणजे राग आणि द्वेष ही परस्परविरुद्ध टोकं आहेत. एक ओढून घेतं, दुसरं झिडकारतं. दोन्हींतून सुटा, असा तो उपदेश आहे. मराठीत राग हा ओढीकडून सर्वसाधारण तीव्र भावनेकडे आणि तिथून संतापाकडे वळला. तोंडावर चढणारी लाली दोन्हीकडे असते, त्यामुळे वाट अवघड नव्हती. पण त्या वळणामुळे उपदेशाचा अर्धा भागच हरवतो. आवडत्या गोष्टीचं वेडही सोडायचं आहे, हे कानावर पडतच नाही. पैठणजवळच्या आपेगावचा, म्हणजे ज्ञानेश्वरांचा, हा वारसा आपण अभिमानानं मिरवतो. मग कीर्तनकार मंडळींनी एवढं एक वाक्य समजावून पुढे जावं, असं मला मनापासून वाटतं.

जुन्या मराठीतला आणखी एक शब्द मला फार आवडतो. ज्ञानेश्वरीत ‘गोठी’ येते, ती म्हणजे बोलणं, हकिकत. आजची ‘गोष्ट’. ही निघाली संस्कृत ‘गोष्ठी’तून, आणि गोष्ठीच्या मुळाशी आहे ‘गोष्ठ’, गाई थांबण्याची जागा. त्याच गोष्ठातून आपला ‘गोठा’ आला. गाई जिथं जमतात तिथं माणसंही जमतात, जमली की बोलतात, बोलण्यात हकिकती येतात. पुढे अर्थ इतका विरळ झाला की ‘चार गोष्टी घेऊन ये’ म्हणजे चार वस्तू. आजी गोठ्यात बसून नातवाला गोष्ट सांगते तेव्हा एकाच मुळाचे दोन शब्द तिथं समोरासमोर असतात.

कचेरीतून घरात

हैदराबाद संस्थानात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. त्याआधीही बहामनी, निजामशाही, मोगल अशा राजवटींमुळे फारसी-अरबी शब्द शेकडो वर्षं मराठीत येतच होते. सगळे आले ते बहुतांशी कचेरीच्या, बाजाराच्या, लष्कराच्या दारातून. घरात शिरले तेव्हा त्यांनी कपडे बदलले.

‘दप्तर’ घ्या. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कातडं. कातड्यावर लिहीत, म्हणून लिहिलेलं ते दफ्तर, मग नोंदवही, मग नोंदी ठेवण्याची जागा. हिंदी-उर्दूत ते कार्यालय झालं. मराठीत गावच्या हिशेबाच्या कागदांचं फडक्यात बांधलेलं गाठोडं म्हणजे दप्तर. पोरं पुस्तकंही तशीच फडक्यात बांधून शाळेत न्यायची, त्यामुळे शाळेची पिशवी दप्तर झाली. कातड्यापासून निघालेला शब्द आज तिसरीतल्या पोराच्या पाठीवर आहे.

‘तहसील’ म्हणजे गोळा करणं, वसुली. ‘महसूल’ म्हणजे गोळा झालेलं. आणि वैतागून आपण म्हणतो, ‘त्यात काय हशील?’, ते ‘हशील’ म्हणजे हासील, हाती आलेला लाभ. तिन्ही एकाच अरबी धातूची लेकरं. पहिली दोन कचेरीतच राहिली, तिसरं पार स्वयंपाकघरात पोचलं.

‘हैराण’ची गोष्ट वेगळी. अरबी-फारसीत हैरान म्हणजे थक्क, चकित. मराठीत हैराण म्हणजे जेरीस आलेला. अर्थ कसा सरकला असेल? उर्दूत ‘हैरान-परेशान’ अशी जोडी सतत येते. शब्द ज्याच्या संगतीत राहतो त्याचा गुण त्याला लागतो. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी अर्थाच्या अभ्यासाला १८८३ मध्ये स्वतंत्र नाव दिलं आणि १८९७ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. त्यांनी अर्थाच्या या संसर्गाचं उदाहरण फ्रेंच ‘पा’ शब्दाचं दिलं. ‘पा’ म्हणजे पाऊल. ‘एक पाऊलही चालत नाही’ अशा नकारी वाक्यांत तो इतका राहिला की शेवटी ‘पा’ चाच अर्थ ‘नाही’ झाला. आपली म्हण आहेच : ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

‘गरीब’ या शब्दाचा प्रवास वाचताना मला दर वेळी गलबलून येतं. अरबीत गरीब म्हणजे परका, परदेशी, अनोळखी. परक्या मुलखात माणसाजवळ घर नसतं, नातं नसतं, पैसा नसतो. म्हणून फारसी-उर्दूत तो निर्धन झाला. मराठीत एक पाऊल आणखी : ‘पोरगी स्वभावानं फार गरीब आहे’, म्हणजे उलट बोलत नाही. परका, मग निर्धन, मग मुकाट. ज्याच्याजवळ काही नाही तो बोलणार कसा, हा समाजाचा अनुभव त्या तीन पायऱ्यांत साठलाय.

इतिहासानं काळवंडलेला शब्द

आता असा एक शब्द, जो मराठवाड्यात शांतपणे उच्चारता येत नाही. ‘रझाकार’. अरबी ‘रिझा’ म्हणजे संमती, खुशी. त्यातूनच आपली ‘रजा’ आली (परवानगी, म्हणून सुट्टी) आणि ‘राजी’ही. ‘राजीनामा’ सुद्धा मुळात संमतिपत्र. जमिनीवरचा हक्क आपण राजीखुशीनं सोडतो असं शेतकरी लिहून देई, तोही राजीनामाच. पद सोडण्याचा आजचा अर्थ याला किती जवळ आहे बघा. याच रिझेला ‘कार’ जोडला की रझाकार : आपखुशीनं काम करणारा, स्वयंसेवक. पाकिस्तानात नागरी संरक्षणाच्या स्वयंसेवकाला आजही रझाकार म्हणतात.

मराठवाड्यात हा शब्द असा राहू शकला नाही. १९४७-४८ मध्ये कासीम रझवीच्या सशस्त्र संघटनेनं या नावाखाली जाळपोळ, लूट, खून केले. रझवी लातूरला वकिली करत असे, म्हणजे माणूस आपल्याच मुलखातला. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर संघटना संपली. शब्द उरला. आज ‘ही काय रझाकारी आहे का?’ असं म्हटलं तर स्वयंसेवा कुणालाच आठवत नाही. बांगलादेशात १९७१ च्या युद्धानंतर याच शब्दाचा अर्थ देशद्रोही असा झाला. एकच शब्द, तीन देश, आणि प्रत्येकाचा अर्थ तिथल्या लोकांनी काय सोसलं यावर ठरलेला. कोशातला ‘मूळ अर्थ’ दाखवून रझाकार शब्दाचं समर्थन कुणी करू लागलं, तर ते सोसलेल्यांच्या आठवणीला खोटं ठरवणं होईल.

कधी भीतीनं किंवा अशुभ टाळण्यासाठी अर्थ उलटा होतो. नारळ फोडायचा नाही, ‘वाढवायचा’. बांगडी फुटली म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. वाढण्याच्या शब्दानं फुटण्याचा अर्थ उचलला.

‘मूळ अर्थ’ नावाची काठी

‘हा शब्द तुम्ही चुकीचा वापरता, त्याचा मूळ अर्थ वेगळाच आहे’ असं ठासून सांगणारी माणसं भेटतात. मूळ शोधणं फार आनंदाचं काम आहे, पण ते आजच्या वापरावर उगारायची काठी नाही. तसा न्याय लावला तर तेल फक्त तिळाचं, प्रवीण फक्त वीणा वाजवणारा, आणि म्हातारा म्हणजे ‘महत्तर’, गावातला मोठा मानकरी. शब्दाचा आजचा अर्थ आज बोलणाऱ्यांनी मिळून मान्य केलेला असतो, आणि तेवढाच तो खरा असतो.

याच काठीचा एक मार मराठवाड्याची पोरं पुण्या-मुंबईत शिकायला गेली की खातात. त्यांच्या तोंडचे शब्द प्रमाण भाषेत नाहीत किंवा वेगळ्या अर्थानं आहेत, म्हणून हसू होतं. पुष्कळदा त्या पोराच्या बोलीत जुना अर्थ टिकलेला असतो आणि हसणाऱ्याच्या भाषेतून तो गेलेला असतो. तापातून उठलेल्या माणसाला आमच्याकडे विचारतात, ‘आता हुशारी वाटती का?’ शहरात हुशार म्हणजे बुद्धिमान, म्हणून हा प्रश्न विचित्र वाटतो. फारसी ‘होशियार’ म्हणजे शुद्धीवर असलेला, सावध. म्हणजे आमचा प्रश्नच शब्दाच्या जुन्या अर्थाला जवळचा. याचा अर्थ बुद्धिमान म्हणणारा चुकतो असा नाही. दोन्ही अर्थ आपापल्या जागी पुरे आहेत. पण हसण्याचं कारण तेवढं उरत नाही.

जुने कागद वाचणाऱ्यांनी मात्र सावध राहायला हवं. निजामकाळातल्या मोडी आणि उर्दू नोंदी गेल्या काही वर्षांत पुष्कळ लोक घरोघरी शोधताहेत. त्यात ‘मौजे मजकूर’ असं दिसलं तर आज मजकूर म्हणजे लिहिलेला भाग, म्हणून गोंधळ होतो. तिथं अर्थ आहे ‘वर उल्लेख केलेला गाव’. गावाच्या नावापुढचं खुर्द आणि बुद्रुक म्हणजे फारसीतलं धाकटं आणि थोरलं. पण आज खुर्द मोठं आणि बुद्रुक लहान, अशा जोड्याही आहेत, त्यामुळे नावावरून आकार ठरवता येत नाही. अशा कागदाला आजचा अर्थ लावण्याआधी त्याच काळातले आणखी दोन-चार कागद शेजारी ठेवावेत आणि तो शब्द तिथं कुठल्या कामासाठी आलाय ते पाहावं. कोशही त्या काळाला जवळचा घ्यावा; मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची आवृत्ती त्यासाठी आजही उपयोगी पडते.

आपल्या डोळ्यांदेखत सरकणारे शब्दही आहेत. ‘सुपारी फुटली’ म्हणजे लग्न ठरलं, बँडवाल्यानं किंवा तमाशाच्या फडानं ‘सुपारी घेतली’ म्हणजे कार्यक्रम पक्का झाला. मग मुंबईच्या गुन्हेगारी जगानं तीच सुपारी खुनाच्या सौद्याला लावली. तिन्ही अर्थ आज एकाच गावात चालतात, आणि लग्नघरात कुणी दचकत नाही. ‘भारी’ आधी वजनाला होतं, मग किमतीला (भारी साडी), आता कौतुकाला. आणि लातूरनं इंग्रजीतून घेतलेला ‘पॅटर्न’ : आधी तो नमुना होता, मग दहावी-बारावीच्या निकालांमुळे ‘लातूर पॅटर्न’ म्हणजे घोकून, सराव परीक्षा देऊन घडवण्याची पद्धत झाली, तिथून कुठल्याही गावाची कुठलीही योजना ‘पॅटर्न’ झाली, आणि आता पोरं एखाद्या माणसाबद्दल म्हणतात, ‘त्याचा पॅटर्नच वेगळा आहे.’ हा शेवटचा अर्थ अजून कच्चा आहे. पन्नाशीतला मास्तर तो ऐकून शिकवण्याची पद्धत समजतो, समोरचा पोरगा माणसाचा स्वभाव सांगत असतो, आणि दोघांचं बोलणं अडत नाही.